एक लांब, दोन आखूड

मित्रांनो, या जगात जे जे दिसते ते माझ्यामुळे दिसते. डोंगर, समुद्र, ग्रहतारे, फुलावर बसलेले फुलपाखरू आणि त्या फुलपाखराच्या पंखांवरचे ठिपके, ही सगळी माझी करणी. तुम्ही हात जोडण्याआधी एक खुलासा करतो. हे सगळे बावीस इंची पडद्यापुरतेच खरे आहे, आणि तेही वायर नीट खोचलेली असेल तर. गेल्या महिन्यात एका दिवशी मला साधा एक ठिपकासुद्धा दाखवता आला नाही. त्या दिवसाची ही हकिकत.

मी संगणकाच्या पोटात बसणारे ग्राफिक्स कार्ड. वय वर्षे सात. आमच्यात सातव्या वर्षी पंख्याला खोकला लागतो आणि लोक 'जुनं झालंय आता' असे तोंडावर बोलू लागतात. व्याकरणाने मला 'ते कार्ड' करून ठेवले आहे. पण 'मी आले, मी गेले' करत बसलो तर गोष्ट पुढे सरकणार नाही, म्हणून मी आलो आणि मी गेलो असेच म्हणेन. व्याकरणाच्या सरांनी तेवढे चालवून घ्यावे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्याला टोपी, तोंडाला फडके आणि हातात मोजे घालून कामाला बसत, त्यामुळे मला जन्म देणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. त्यांनी माझ्या हिरव्या अंगावर इवले इवले भाग जडवले, पाठीवर दोन पंखे बसवले आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची एक रांग दिली. हे दात मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीवरच्या खाचेत रुतवायचे असतात. संगणकाचा सगळा विचार आकड्यांत चालतो. ते आकडे मी दातांतून घेतो, त्यांचे चित्र करतो आणि मागच्या वायरीने पडद्याकडे पाठवतो. माणसे दातांनी खातात, मी दातांनी ऐकतो. एवढे लक्षात ठेवलेत तर पुढचे सगळे समजेल.

पहिली तीन वर्षे मी एका खेळघरात काढली. तिथे मी रोज चौदा तास राक्षस मारत असे. म्हणजे मारणारे पोरगे वेगळे असायचे, पण राक्षस पुरवायचा मी आणि त्याचे रक्तही मीच काढायचे. "काय कार्ड आहे यार!" असे लोक म्हणत. पुढे खेळघराच्या मालकाने नवे कार्ड आणले आणि मला एका दंतशाळेत विकले. दंतशाळा म्हणजे दातांचा दवाखाना नव्हे. दवाखान्यातून तोंडाची मापे येतात आणि त्यांवरून कवळ्या नि दातांवर बसवायच्या टोप्या करून देतात, ती जागा. राक्षसांवरून मी दाढांवर आलो. सुरुवातीला अपमान वाटला. मग लक्षात आले की दाढ जवळून पाहिली तर फारसा फरक नसतो.

दंतशाळा घरातच होती, पुढच्या दोन खोल्यांत. ती चालवणारीला सगळे ताई म्हणत. ताई हाताची फार स्वच्छ. टेबलावर प्लास्टरचा कण दिसला तरी तिला चैन पडत नसे. तिचा नवरा विमा कंपनीत होता आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत असे, म्हणजे घरी असे. ताईचे वडील त्यांना जावईबापू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि ताईचे वडील म्हणजे तारमास्तर. नोकरीची एकतीस वर्षे त्यांनी तारघरात पितळी कळ दाबून कडकट्ट कडकट्ट केले होते. तारघरे बंद झाली, पण बोटे निवृत्त झाली नाहीत. जेवताना, पेपर वाचताना, जावईबापू बोलत असताना ती टेबलावर वाजतच असत.

तारेच्या दुसऱ्या टोकाला, तीनशे मैलांवर, त्या एकतीस वर्षांत एकच माणूस बसलेला असे. तारमास्तर त्याला 'पलीकडचा' म्हणत. दिवसभर लोकांच्या तारा, आणि लाइन रिकामी झाली की या दोघांच्या गप्पा. पलीकडच्याच्या मुलीचे पहिले पाऊल, तारमास्तरांच्या बायकोचे आजारपण, बुद्धिबळाचे अडीचशे डाव, सगळे त्या एका तारेवरून झाले. भेट मात्र कधीच झाली नाही. रजा एकाला मिळाली की दुसऱ्याला मिळत नसे.

आणि आता पलीकडचा येणार होता. मुलीकडे, पार दूरच्या मुलखात, कायमचा राहायला निघाला होता. वाटेत गाडी बदलायची म्हणून याच गावात थांबणार होता. चार वाजता घरी येणार, साडेपाचला निघणार. दोघांचेही वय ऐंशीच्या पुढचे. पुढच्या भेटीचे कोणी बोललेसुद्धा नाही.

त्याच्या दोन दिवस आधी तारमास्तर बेसिनवर कवळी धूत होते. ती निसटली. तीन तुकडे झाले, त्यातले दोन सापडले, तिसरा पाण्याबरोबर गेला. त्या क्षणापासून तारमास्तरांनी तोंडाला पंचा लावला आणि बोलणे बंद केले. काय हवे ते कागदावर लिहून देत. पहिल्याच कागदावर लिहिले होते, "मी त्याला या तोंडाने भेटणार नाही."

"बाबा, काळजी करू नका," ताई म्हणाली. "मी आहे ना. उद्या आराखडा करते, परवा सकाळी मशीनला लावते. तीन तासांत दात हातात."

आणि तिने केलेही. दुसऱ्या दिवशी मी तारमास्तरांचा जबडा पडद्यावर फिरवत होतो, ताई एकेक दात बसवत होती. संध्याकाळी शेवटची दाढ बसली. फक्त उंची किंचित घासायची राहिली, ती सकाळी. मग ताईच्या मनात आले की सकाळी संगणकाने ऐन वेळी दगा देऊ नये, तर आजच त्याची साफसफाई करावी.

मित्रांनो, इथपर्यंत मी सुखी होतो.

ताईने मला बाहेर काढले. ब्रशने पंखे झाडले, फडक्याने अंग पुसले, सोनेरी दात एकेक करून चमकवले. इतक्या प्रेमाने मला कोणी हाताळले नव्हते. शेवटी तिने कपाटातून गुलाबी बाटली काढली. दंतशाळेत साच्यावर प्लास्टर ओतण्याआधी एक पातळ औषध लावतात, म्हणजे प्लास्टर साच्याला चिकटत नाही. वीस वर्षांचा हात. काहीही स्वच्छ केले की वरून तो पातळ थर द्यायचा, हे तिच्या बोटांना सांगावे लागत नसे. धूळ चिकटायला नको म्हणून तिने तो थर माझ्या दातांना दिला.

धूळ चिकटली नाही. मीही मदरबोर्डला चिकटलो नाही. इतका, की खाचेत बसूनही आमची गाठ पडेना.

सकाळी आठला ताईने बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. मदरबोर्ड आकडे पाठवत होता आणि मला काही ऐकू येत नव्हते. शेवटी तो बिचारा त्याच्याजवळच्या एका छोट्या भोंग्यातून ओरडला. एक लांब, दोन आखूड. टीऽऽ टी टी. 'कार्डाची आणि माझी भेट होत नाही, बघा काहीतरी', असा त्याचा अर्थ.

"भट्टी झाली वाटतं," म्हणत ताई आतल्या खोलीकडे धावली. तिथे चिनी मातीच्या टोप्या भाजायची भट्टी होती आणि काम झाले की तीही टी टी करत असे. भट्टी थंडगार होती.

ताईने वायर काढून पुन्हा लावली. पडदा बदलला. दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहिले. टीऽऽ टी टी. दर वेळी भट्टीकडे एक फेरी. पाचव्या फेरीला तिने भट्टीची पिनच उपटली आणि परत आली. टीऽऽ टी टी.

"अहो, बघा हो!" ती रडवेली झाली. "पिन काढली तरी भट्टी वाजतेय. म्हणजे भट्टीपण गेली!"

जावईबापू आले. त्यांनी पडद्याला दोन थापट्या मारल्या आणि मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. "अगं, यात एकाने मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलंय. पाच मिनिटांत जिवंत! आपल्याकडे तर भट्टीच आहे."

"भट्टी नऊशे डिग्रीला चालते."

"मग अडीच मिनिटं ठेवू."

मला घाम येत नाही म्हणून बरे. ताईने नुसते त्यांच्याकडे पाहिले. जावईबापू "मी आपलं सुचवलं" म्हणत चहा करायला गेले.

या गोंधळात तारमास्तर दारात येऊन उभे राहिले होते, तोंडावर पंचा, मान तिरकी. टीऽऽ टी टी. त्यांचे डोळे मोठे झाले. एक लांब, दोन आखूड. तारेच्या भाषेत तो 'डी' होतो. आणि त्यांच्या लाइनीवर तातडीची तार असली की आधी डी वाजवायची पद्धत होती. डी आला की हातातला चहा बाजूला ठेवायचा. घरात एकाच माणसाला मदरबोर्डची हाक समजली होती, आणि त्याने न बोलण्याचा पण केला होता.

ते टेबलावर वाजवू लागले. डी, डी, डी.

"बाबा, प्लीज टेबल वाजवू नका. आधीच डोकं उठलंय माझं."

त्यांनी कागद ओढला आणि लिहिले, "तातडी आहे."

ताईने वाचले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "माहितेय मला तातडी आहे, बाबा! सकाळपासून मी काय खेळतेय का इथे?"

तारमास्तरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आपल्या खोलीत निघून गेले. मी पोटातून ओरडत होतो की ते तुमच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगताहेत. पण माझे ओरडणे पडद्यावर दिसते, आणि पडदा काळा होता.

अकराला दुरुस्तीवाला आला. गल्लीत त्याला 'बंदचालू' म्हणत, कारण फोनवर तो पहिला सल्ला तोच देई. माणूस हुशार होता. त्याने मेमरीच्या पट्ट्या काढून बसवल्या, माझी वीज तपासली, पंखे फुंकले. टीऽऽ टी टी झाले तसे त्याचे कान टवकारले. "हा कसला आवाज?"

"तो आमच्या भट्टीचा," ताई म्हणाली. "तीपण बिघडलीय. तुम्ही इकडे बघा."

त्याने तो आवाज कानाआड केला. पण मला बाहेर काढल्यावर त्याने जे केले ते पाहून मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो. त्याने शर्टाच्या खिशातून पांढरे खोडरबर काढले. "ताई, कॉन्टॅक्टला जरा रबर मारतो. निम्मी कार्डं त्यानेच उठतात."

"अजिबात नाही!" ताईने मला त्याच्या हातातून घेतले. "कालच मी स्वतः साफ केलंय. बघा, आरसा झालाय नुसता. तुमच्या रबराने सोनं खरवडून निघेल."

त्याने मला तिच्याकडून परत घेऊन उजेडात धरून पाहिले. दात खरेच चमकत होते. औषधाचा थर काचेसारखा असतो, तो दिसत नाही, दाखवतो. "हो, दात तर एकदम क्लीन आहेत," तो म्हणाला आणि रबर खिशात गेले. मी ते जाताना पाहिले. त्याइतके केविलवाणे मी आयुष्यात काही पाहिलेले नाही, आणि मी तीन वर्षे राक्षस पाहिले आहेत.

मग त्याने पिशवीतले एक जुनेपुराणे कार्ड माझ्या जागी लावले. ते इतके साधे होते की त्याला पंखासुद्धा नव्हता. आणि पडदा लागला!

"बघा. मशीन ओके. म्हणजे तुमचं कार्ड डेड आहे."

झाले, निकाल लागला. ताईने घाईघाईने दातांचा प्रोग्रॅम उघडला. बिनपंख्याच्या कार्डाने तो दोनदा उघडायचा प्रयत्न केला, एकदा निळा पडदा दाखवला आणि हात टेकले. साडेबारा वाजले होते. जावईबापूंनी लगेच मोबाइलवर नवे कार्ड मागवले, पण ते दुसऱ्या दिवशी येणार होते. ताईने ओळखीच्या दुसऱ्या दंतशाळेला फोन लावला. ते म्हणाले, परवा. एक वाजला. एक म्हणजे शेवटची वेळ, कारण दात कोरायला तीन तास.

तारमास्तरांच्या खोलीचे दार आतून बंद झाले. दाराखालून एक कागद आला. "त्याला सांगा, मी परगावी गेलो आहे."

ताई तो कागद हातात घेऊन किती तरी वेळ जमिनीवर बसून होती. मी टेबलावर पडून होतो. वरवर मेलेला, आतून ठणठणीत. आजारी असून कोणी विश्वास ठेवत नाही, हे दुःख तुम्हाला माहीत असेल. धडधाकट असून कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्याहून अवघड.

चारला पाच मिनिटे असताना ताई उठली. "शेवटचं एकदा," ती स्वतःशीच म्हणाली, मला पुन्हा खाचेत बसवले आणि बटण दाबले. नेमकी त्याच वेळी दारावरची घंटा वाजली.

पलीकडचा अगदीच बुटका निघाला. हातात छोटी बॅग, नाकावर जाड चष्मा. जावईबापूंनी ठरल्याप्रमाणे घसा खाकरला. "या ना. पण त्याचं काय झालं, सासरे जरा परगावी..."

टीऽऽ टी टी.

पलीकडच्याने हात वर केला. "थांबा. डी! तातडी कोणाची?"

"ती आमची भट्टी हो, बिघडलीय," ताई म्हणाली.

टीऽऽ टी टी. आणि त्या बंद दाराच्या आतून, अगदी हलके, कोणीतरी बोटाने ठोकत होते. आपले बोट वाजते आहे हे त्या माणसाला कळलेही नसावे. डी आला की 'ऐकतो आहे' असे उत्तर द्यायचे, ही एकतीस वर्षांची सवय.

पलीकडचा बॅग खाली ठेवून दाराशी गेला आणि त्याने फळीवर वाजवायला सुरुवात केली. ठोक्यांची भाषा मला शिकावी लागली नाही. माझा सगळा जन्म चालू-बंद, चालू-बंद यातच गेला आहे.

"तू परगावी आहेस म्हणे," पलीकडच्याने वाजवले.

मग उत्तर आले. "आत येऊ नकोस. दात नाहीत."

"एकतीस वर्षांत तुझे दात मी कधी पाहिले होते?"

आणि लगेच पुढचे वाजवले.

"मला तर वाटायचं, तुला नुसती बोटंच आहेत. उघड. माझ्याकडे दीड तास आहे."

ताई आणि जावईबापू आळीपाळीने दाराकडे आणि त्या बोटांकडे बघत होते. त्यांना नुसती ठकठक ऐकू येत होती. कडी सरकली. तारमास्तर पंचा घट्ट धरून उभे होते. पलीकडच्याने हात पुढे केला आणि तो पंचा हळूच खाली ओढला, एखादे पाकीट उघडावे तसा.

"अरेच्चा," तो तोंडाने म्हणाला. "मी तर तुला उंच समजत होतो."

तारमास्तर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. हसायला दात लागत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

मग ते दोघे माझ्याच टेबलाशी बसले आणि चमच्यांनी बोलू लागले. ते काय बोलले ते मी सांगणार नाही, लोकांच्या तारा वाचू नयेत. एवढेच सांगतो की जावईबापूंचे नाव तीनदा आले आणि तिन्ही वेळा दोघे खोखो हसले. जावईबापूही सौजन्य म्हणून हसले.

"पण बाळ, हे डी कशाला वाजतंय?" मध्येच पलीकडच्याने ताईला विचारले. तिने सगळे सांगितले. त्याने संगणकाला कान लावला, आवाज तिथूनच येतो हे ओळखून मला बाहेर काढायला लावले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला नाकाजवळ नेले. "भेट होत नसणार. आमच्या कळीचे पॉइंट असेच रुसायचे. कागदाने घासायचो." त्याने गाडीच्या तिकिटाचे पाकीट फाडले आणि तुकड्याने माझ्या दातांना घासू लागला. ताईने हात पुढे केला, पण पाहुणा ऐंशीच्या पुढचा, बोलणार काय? कागदावर गुलाबी पापुद्रे निघाले. "यावर काय लावलंयस गं?"

ताईचा चेहरा पडला. मग लाल झाला. "न चिकटायचं औषध," ती कशीबशी म्हणाली. "मीच. काल."

तारमास्तरांनी चमच्याने तिच्या हातावर दोनदा हलकेच वाजवले, तेवढेच.

मला खाचेत बसवले. बटण दाबले. आणि मित्रांनो, मला ऐकू आले! सगळे आकडे एकदम! मी पडदा उजळला, आणि अर्धवट राहिलेले काम समोर ठेवले. बावीस इंची पडदा भरून, गुलाबी हिरड्यांसह, तारमास्तरांची संपूर्ण कवळी. जिच्यासाठी पाहुण्यापासून लपायचे होते, ती मी पाहुण्याला सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवली.

"छान आहे," पलीकडचा म्हणाला. "पण बोलताना अडचण होईल. आता नको."

साडेपाचला तो गेला. फाटकापाशी दोघे तोंडाने एक अक्षर बोलले नाहीत. पलीकडच्याने फाटकाच्या लोखंडावर काहीतरी वाजवले, तारमास्तरांनी उत्तर वाजवले, आणि रिक्षा वळणावर दिसेनाशी झाल्यावरही ते थोडा वेळ वाजवत राहिले. पलीकडून उत्तर आले नाही. कवळी साडेआठला तयार झाली. तारमास्तरांनी ती पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. तुमचा झाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी मागवलेले नवे कार्ड आले. तीन पंखे, रंगीत दिवे. "हे परत घेत नाहीत म्हणे," जावईबापू म्हणाले. "आणि आलंच आहे तर..." ताईने माझ्याकडे पाहिले. तिला वाईट वाटले, हे मला दिसले. पण ज्याला आपण विनाकारण मेलेले ठरवले त्याच्याकडे रोज बघत काम करणे माणसाला जड जाते. तिने मला स्वच्छ पुसले, गुलाबी बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला, आणि मला खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे सगळेच सांगतात. मी एक जास्तीचे सांगतो. काळजी घ्यायच्या आधी ज्याची घ्यायची त्याला काय होते आहे तेही ऐका. तो टी टी करत असेल, टेबल वाजवत असेल, नाहीतर नुसताच काळा होऊन बसला असेल. दर वेळी ती भट्टी नसते. आणि ज्याला तुम्ही मेलेला म्हणाल, त्याचे दात एकदा खरोखर तपासा. चमक बघून परत ठेवू नका.

मी अजून चालतो. एखाद्या गरजू संगणकाला माझा उपयोग होईल. पण ते सगळे सवडीने. सध्या या ड्रॉवरमध्ये माझ्यासमोर नमुन्याच्या चौदा कवळ्या मांडून ठेवल्या आहेत आणि त्या सगळ्या अखंड माझ्याकडे बघून हसत असतात. कोणी इकडून गेलात, तर निदान पुढच्या रांगेतल्या त्या मोठ्या कवळीचे तोंड जरा भिंतीकडे करून ठेवा.